मी तिच्या नावावर लिहिलेला आजार

केजच्या शाळेत मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवतोय आणि त्याचा मला माज होता, हे आधीच कबूल करतो.

दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं ऊसतोडीला निघतात. आठवीतली माझी एक विद्यार्थिनी, आईवडील गेलेली, काका-काकूंबरोबर जाणार होती. तिला जन्मापासून एचआयव्हीची लागण. रोजची गोळी चुकवून चालत नाही, म्हणून तिला वसतिगृहात ठेवायचं ठरलं. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेला अर्ज इंग्रजीत हवा होता. काका म्हणाला, "सर, तुमीच लिवा. तुमचं इंग्रजी लई भारी हाय."

मी झोकात लिहिलं. कारण ठसठशीत दिसावं म्हणून ‘शी इज सफरिंग फ्रॉम एड्स’ असं ठोकून दिलं आणि कागद तिच्याच हाती पाठवला.

वसतिगृहाने तिला घेतलं नाही. दोन दिवसांनी ती ट्रॅक्टरमध्ये बसून गेली.

मी तणतणत सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे गेलो, तर त्यांनी मलाच फैलावर घेतलं. "सर, एचआयव्ही हा विषाणू. त्याने शरीराची ताकद पार संपवली की जो आजार होतो, तो एड्स. पोर गोळ्या घेते, ठणठणीत आहे. तिला एड्स झालेलाच नाही! आणि मुळात हे कळवायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

पोरांच्या वह्या लाल शाईने रंगवणारा मी खाली मान घालून उभा होतो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

त्याच दुपारी दुरुस्त पत्र घेऊन वसतिगृहावर गेलो. गृहप्रमुखांनी ते उघडलंसुद्धा नाही. "आता काय बी लिवून आणा, सर. बाकीच्या पोरींच्या घरी समदं कळलंय." मी हात जोडले, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्यांनी दार लावून घेतलं.

परवा फडावरून काकूचा फोन आला. "सर, पोरगी आठ दिस झालं गोळ्या घेईना. तुमचा कागद वाचला म्हनं तिनं. एड्सच हाय तर आता गोळ्यांनी काय हुनार, म्हन्ती."

वाचण्याइतकं इंग्रजी मीच शिकवलं होतं. मी म्हणालो, "तिला द्या फोन." ती फोनवर आली. "बाळा, तुला एड्स नाही. ते मी चुकीचं लिहिलं. माझी चूक झाली."

 ती मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, सर. मला बरं वाटावं म्हनून बोलताय तुमी. तुमचं इंग्रजी कधी चुकत न्हाई."