आत्या पाइपला आटे पाडते

गावात तिला सगळे आत्या म्हणत. नवरा गेल्यावर म्हशींच्या जोरावर तिने मुलाला वाढवलं, त्याचं लग्न लावून दिलं. पन्नाशीत आपल्या हातून आता काही नवं होईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग गावातल्या बंद गोदामात सरकारी अनुदानातून नळजोडणीचा मोफत वर्ग निघाला. आडगावांतल्या लोकांनी बांधकामातली कामं शिकावीत, अशी ती योजना. सुनेला शिकायची फार हौस, पण बायकांची तुकडी काही भरेना. आणखी एक बाई मिळाली नाही, तर वर्ग दुसऱ्या गावाला जाणार होता.

"आई, तुम्ही नुसतं नाव द्या," सून म्हणाली. "कोपऱ्यात बसून राहा."

"कोपऱ्यात बसायला मी काय केरसुणी आहे? येते मी."

पहिल्याच दिवशी मास्तरांनी शिकंज्यात पाइप आवळला, त्याच्या टोकाला आटे कसे पाडायचे ते दाखवलं आणि यंत्राचा दांडा आत्याच्या हाती दिला. दांडा हलेना. तिने पदर खोचला, सगळा भार टाकला, तसा लोखंडाचा चकचकीत कीस खाली गळू लागला. तयार टोकावर तिने जोड फिरवला, तो अगदी घट्ट बसला. आत्याच्या अंगावर काटा आला.

"अगं, हे मी केलं!" ती सुनेला म्हणाली.

त्या दिवसापासून दोघींना दुसरं काही सुचेना. जेवतानाही तेच. मुलगा वैतागून म्हणाला, "घरात पाइपांशिवाय काही विषय आहे का?"

"आहे ना," आत्या म्हणाली. "व्हॉल्व्ह."

शेवटी वर्गाला नव्या दवाखान्याची जोडणी मिळाली. सून टाकीजवळ वर, आत्या खाली. व्हॉल्व्ह उघडला आणि भिंतीलगतच्या एका जोडातून पाणी फुर्रकन उडालं. जोड आत्याचा. तिचे कान तापले.

"बंद कर गं!" तिने हाक दिली. जोड उघडला, आट्यांवर गळती रोखणारी पट्टी नव्याने गुंडाळली, पान्याने आवळला. "सोड आता."

पाइप खडखडला, नळ खोकला आणि पाण्याची जाड धार बेसिनमध्ये कोसळली. जोड कोरडा होता. नर्सबाईंनी लगेच हात धुऊन घेतले. सून जिन्यावरून धावत आली आणि सासूच्या गळ्यातच पडली.

पुढच्याच महिन्यात शेजारच्या गावाने शाळेचं काम दोघींना दिलं. सकाळी स्कूटरवर पुढे सून, मागे पाने-पकडींची पिशवी घेऊन आत्या. म्हशींची धार आता मुलगा काढतो.