रिकामे दगड

एस्तेरबाई माणसाचं ऐकायला बसल्या की त्याच्याकडं पाठ करायच्या. हातात सूप, सुपात दुसऱ्याचंच धान्य, तोंड भिंतीकडं. "तोंड बघून माणूस खोटं बोलतो," म्हणायच्या. "पाठीला कोण कशाला खोटं सांगंल?"

मिरजगावात माझी पिठाची गिरणी होती. मी चौथी शिकलेला, दगड आणि इंजिन एवढंच कळणारा. बहात्तरच्या दुष्काळाआधी वर्षभर बाई गावात आल्या. पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात नर्स होत्या. नवरा वारला तशा परतल्या आणि गिरणीला लागून असलेली माझी खोली भाड्यानं घेतली. दारावर पाटी लावली: मनाचा सल्ला, खाजगी, फी पडेल. तीन महिने कुत्रं आलं नाही. आलं असतं तर त्यालाही लोक वेडं म्हणाले असते. 'येड्यांची डाक्टरीण' हे नाव मात्र पहिल्याच आठवड्यात पडलं. बायका त्या दारावरून पदर ओढून पुढं जायच्या आणि माझ्या गिरणीत येऊन बसायच्या.

"फी काढून टाका, बाई. येतील मग."

"फुकटचा सल्ला कुनी पाळत न्हाई, किसन. फीचं न्हाई ते. माझ्या दारात यायला बाईला कारन न्हाई. तुझ्या दारात यायला डबा हाय."

दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली आणि सूप घेऊन थेट दगडाशेजारी येऊन बसल्या. मी तोंडावर सांगितलं, माझं गिऱ्हाईक पळालं तर तुमचं बोचकं बाहेर. पळालं नाही. बाई कुणाचंतरी धान्य निवडायला घ्यायच्या, पाठ करायच्या, आणि दगड घरघरू लागला की शेजारची बाई बोलू लागायची. दोन हातांवरच्या माणसाला ऐकू जायचं नाही. दगड थांबला की तीच बाई कांद्याचा भाव सांगायची. महिन्याभरात बायका पायलीचं दळण दोन खेपांत आणू लागल्या. जाताना फी सुपात ठेवायच्या. एक म्हातारी मला म्हणाली, "दळन शेरभर, रडनं मनभर. दगड जरा हळू फिरीव बाबा."

हे माझ्या डोळ्यांदेखत, आणि माझ्याच घरात बोलणं बंद. आमची मुलगी आठ महिन्यांची असताना वारली, तेव्हापासून माझ्या बायकोनं, भागूनं, तोंड उघडलं नव्हतं. भाकरी करायची, गिरणी झाडायची, पण शब्द नाही. सहा महिने. मग एकदा भर दुपारी ती मला आडाच्या काठावर सापडली. घागर घरीच होती. त्या दिवसापासून मी तिला नजरेआड होऊ दिलं नाही.

शेवटी बाईंना फाडकन बोललो, "गावच्या बाया बोलत्या करता. माझी बायको तेवढी दिसत न्हाई व्हय?"

बाई पाखडत राहिल्या. "दिसती. तिच्यामागं तूबी दिसतोस. तू जा की मागं इंजिनापाशी."

"आन् ती आडाकडं गेली तर?"

"मी दारात बसते."

दुष्काळ लागला होता, दळण आटलं होतं. त्या दुपारी एकच डबा होता, रेशनच्या लाल मिलो ज्वारीचा. तो ओतला आणि मागच्या शेडात गेलो. फटीतून दिसत होतं. बाई उंबऱ्यात पाठ करून बसलेल्या. भागूनं केरसुणी टेकवली, त्यांच्या मागं बसली. मग तिचे ओठ हलले.

तेवढ्यात आवाज बदलला. धान्य संपलं होतं. गिरणीवाला हा आवाज झोपेतही ओळखतो. रिकामे दगड एकमेकांना खातात. छिन्नीनं टाकी लावून, दगडांना नवे दात पाडून आठवडा झाला नव्हता. माझा हात इंजिनाकडं गेला, आणि बाईंनी न वळता आपला हात वर केला. नको.

आवाज गेला की भागू गप्प होणार, एवढं मलाही कळत होतं. जळका वास सुटला. ठिणग्या दिसू लागल्या. दगड फुटला असता तर दोघींच्या अंगावर आला असता. मी इंजिनाकडं गेलेला हात अधांतरी धरून तसाच उभा, आणि भागूचे ओठ काही थांबेनात.

मग तीच उठली. पदरानं तोंड पुसलं, मागं आली आणि म्हणाली, "दगड जाळताय व्हय? बंद करा की."

सात महिन्यांनी. मी बंद केलं आणि तिच्यापुढं उभं राहून रडलो.

बाई त्याच जागी वीस वर्षं बसल्या. पाटी परत लागली नाही. अखेरच्या दुखण्यात मी त्यांना विचारलं, "बाई, भागू त्या दिवशी काय बोलली? आता तरी सांगा."

भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. "मला काय ठावं? रिकामे दगड केवढ्यानं वाजत हुते."

"मग तुमी केलं काय?"

"उठले न्हाई."

भागूला जाऊन आता चार महिने झाले. लोक येतात, देवाची मर्जी म्हणतात, चहा पिऊन उठतात. गिरणी आता सून चालवते, विजेवर. दुपारी मी दगडापाशी जाऊन बसतो. दळण संपतं. सून माझ्याकडं पाठ करून डबे पुसत राहते, आणि बटण लगेच बंद करत नाही.