पेटी वाजवता आली नाही

गुडघ्याच्या व्यायामासाठी मुलानं मळमड्डी भागातल्या आमच्या घरी पेडल आणून ठेवलं आणि मला आमच्या शाळेतली, पायांनी भाता चालवायची पेटी आठवली. संगीतशिक्षिकेच्या मुलाखतीला कलघटगीहून एक बाई आल्या होत्या. पोलिओनं त्यांचा डावा पाय लुळा होता. इंग्रजी शिकवणारा मी समितीत होतो. ऐटीत म्हणालो, "अक्का, पेडल शब्दाचं मूळच लॅटिनमधला पाय. तुमचं कसं जमणार?" सगळे हसले. त्या शांतपणे म्हणाल्या, "एका पायानं वाजवते की सर. दाखवू?" "कशाला उगाच त्रास," म्हणत मी पुढच्या उमेदवाराला बोलावलं. अहवालात मात्र 'पेटी वाजवता आली नाही' असं लिहून सही केली. आज खरं लिहितो. पेटी त्यांच्यापासून चार हातांवर होती आणि मी त्यांना तिथवर जाऊ दिलं नाही.