मोरीचा दाखला
फुलाबाई आमची शेजारीण. मोहोळजवळच्या वस्तीवर तिनं चाळीस वर्षं मेंढरं राखली. नवरा गेला, गुडघे गेले, मग कळप विकला. मोरी कुत्री तेवढी ठेवली. मुलगा अजिनाथ बंगळूरला गाडी चालवतो. तो आईला न्यायला आला होता. दुसऱ्या दिवशी सोलापुरातून रेल्वे. मोरीला गार्डाच्या डब्यातल्या पिंजऱ्यात न्यायचं, तर लसीचं कार्ड आणि तंदुरुस्तीचा दाखला हवा.

"मोरी न्हाय तर मी बी न्हाय," बाईनं आधीच सांगितलेलं.

मी कारखान्यातला निवृत्त फिटर. कागद वाचायला मला बरोबर घेतलं. मोहोळच्या जनावरांच्या दवाखान्यात बाई बसली नाही. बाकापासून दारापर्यंत, दारापासून बाकापर्यंत. डॉक्टरांनी तिचा कागद उलगडला.

"मावशी, ही मेंढ्यांची लस. कुत्रीचा कागद कुठाय?"

"त्यातच हाय की. एकेचाळीस लिवलंय बघा."

"एकेचाळीस मेंढ्या."

"मेंढरं चाळीस. एकेचाळिसावी मोरी."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, धनगर कुत्रं कळपातच मोजतात. लसीच्या शिबिरात कारकुनानं विचारलं, किती? हिनं आपला आकडा सांगितला, त्यानं लिहिला. दिवसभर ही मेंढरं धरून देत होती आणि मोरी पलीकडच्या टोकाला कळप अडवून उभी. तिला कुणी सुई लावलीच नाही. कागदावर आली म्हणजे झालं, असं बाईनं धरलं.

"रेबीजची लस वेगळी असते. आत्ता देतो," डॉक्टर म्हणाले. "पण अंगात मुरायला तीन आठवडे जाऊ द्या. तोवर दाखला लिहिणार नाही."

बाईनं मोरीला गुडघ्यात दाबून धरलं. सुई निघाली तरी सोडलं नाही.

"आये, ह्या काकांकडं ठिवू तिला," अजिनाथ म्हणाला. "रजा संपली माझी."

"तू जा. ट्रंक तेवढी ने. मी मागनं येते."

"एकटी कशी येशील?"

"एकटी कुटं?"

तो गेला. बाईला चैन पडेना. मेंढरं कोंडायचं रिकामं वाडगं रोज झाडायची, कुंपणाचे काटे नीट लावायची, त्यात एकही मेंढरू नसताना. उठल्या उठल्या मोरीचं नाक चाचपायची. दिवस मोजण्यात चूक तर नाही ना, हे विचारायला दोनदा चालत मोहोळला गेली. जाऊन-येऊन बारा किलोमीटर, त्या गुडघ्यांनी.

बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी ताप बघितला, छाती तपासली आणि दाखला लिहिला. दुसऱ्या दिवशी मी दोघींना सोलापूर स्टेशनवर नेलं. पार्सलच्या बाबूनं कागद दोनदा वाचले. तेवढ्या वेळात बाईनं पदराचं टोक पिळून दोरी केली. शेवटी त्यानं शिक्का मारला.

वीस किलोची कुत्री. मी हात पुढं केला.

"सरका भाऊ," म्हणत तिनं एकटीनं उचलून मोरीला पिंजऱ्यात ठेवलं.

"मावशी, तुमचा डबा पुढं आहे. निघा," गार्ड म्हणाला.

ती चार पावलं गेली आणि परत आली.

"वाडी जंक्शनला गाडी किती थांबती?"

"पाचेक मिनिटं."

"बास. पाणी पाजून व्हतंय," ती म्हणाली आणि लंगडत पुढं पळाली.