मावशी, बाहेर बसा

"उस मौसी को बाहर बिठाओ. फॅमिलीवाले आ रहे हैं."

मॅनेजर एवढंच म्हणाला. मी वळून पाहिलं. बर्गरच्या त्या थंडगार दुकानात, काचेच्या दाराजवळच्या टेबलावर माझी माय बसली होती.

मोहगावकडच्या बागेत मृग बहराच्या संत्र्याचा तोडा चालू होता. काम लवकर सुटलं, म्हणून पोरीची नोकरी पाहायला ती सौंसरला आली. फुकट बसली नव्हती. दुसऱ्या खिडकीवर रांगेत उभं राहून तिनं संत्र्याचं शरबत घेतलं होतं. लुगड्यावर पानांचा चुरा, पायाला बागेची माती. चेहरा मात्र असा खुललेला, जशी पोरगी कलेक्टरच झाली.

मी तिच्याजवळ गेले. मॅनेजरला 'ही माझी माय आहे' एवढंच सांगायचं होतं. जीभ उचलली नाही. मी म्हटलं,

"मावशी, बाहेर बसा."

सख्ख्या मायला मावशी! हे आमच्या दुकानाचं वळण. गाडीतून उतरेल ती मॅम. पायी येईल ती मावशी.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मॅनेजरकडे पाहिलं. उठली.

"हो मॅडम, जातो."

ग्लास घेऊन ती बाहेर, मोटरसायकलींच्या मधल्या पायरीवर बसली. मी काउंटरवर हसत उभी राहिले. हसण्याचाच पगार होता.

घरी ती त्यावर चकार शब्द बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भाकरी थापता थापता तिनं फक्त विचारलं, "त्या शरबतात संतरं नाही ना वं?"

जन्मभर संत्री तोडलेली बाई, एका घोटात तिनं ओळखलं. पाकिटातली पावडर, बादलीभर पाणी, आणि मशीनवर कापलेल्या संत्र्याचा फोटो. संत्र्याच्या मुलखात ते पाणी मी शाळेच्या पोरांना 'फ्रेश आहे' म्हणून मोठ्या ग्लासात विकत होते. त्याची शाबासकीही मिळायची. विकणारे मालक, आपण नुसते हात, असं मी मनाला समजावत आले होते. त्या दिवसापासून समजावता येईना. फार रडले.

आठ दिवसांनी रामाकोन्याची एक म्हातारी आली. कडेवर नात, तापानं सुकलेली.

"बाई, हे संतऱ्याचंच हाये ना? डॉक्टरनं पोरीले रस द्या म्हटलं."

मॅनेजर मागेच होता.

"नाही आजी. पावडर हाये हे. पोरीले नोका देऊ. चौकात ठेल्यावर संतरे हायेत, थे घ्या."

"दिमाग खराब हो गया क्या तेरा?" तो सगळ्यांसमोर ओरडला.

मी दुकानाची टोपी काढून काउंटरवर ठेवली. "उस दिन जिस मौसी को बाहर निकलवाया, वो मेरी माँ थी."

"तो उसी दिन बोलना था ना."

तेवढं एक तो खरं बोलला.

मायची माफी मी अजून मागितली नाही. मागितली तर ती लगेच देईल आणि मी मोकळी होईन. मला मोकळं व्हायचं नाही.

परवा पांढुर्ण्याला एका दुकानात काम विचारायला गेले. मालक म्हणाला, घरी कोण आहे?

"माय हाये. संतरे तोडते. थे कधी इथं आली त आत बसन. जमत असंल त ठेवा."

त्यानं अजून कळवलं नाही. नाही कळवलं, तर पुढच्या दारात हेच आधी सांगेन.