मांडणीवरची ताटं

आमच्या घरात थरथरीचे दोन तज्ज्ञ. एक मी, महाडच्या औद्योगिक वसाहतीत पंपांची थरथर मोजून पगार घेणारा. दुसरी आई. तळीयेत डोंगर खाली आला, तेव्हापासून तिने मांडणीवर सात पितळी ताटं उभी करून ठेवली आहेत. आमची वाडीही पोलादपूरच्या वर तशाच उतारावर. "जमीन हलली तर आधी ताटं बोलतील," हे तिचं शास्त्र. मी अर्थातच हसलो होतो. शिकलेला माणूस ना!

मग मी रेकॉर्ड प्लेअर घेतला. साधासुधा नव्हे, भारीतला. त्याचं माहितीपुस्तक वाचून वाटलं, आपण यंत्र नाही, जावई घरी आणलाय. त्याला धक्का चालत नाही, जवळ कुणी पाय आपटलेला खपत नाही. सुई रेकॉर्डच्या खाचेतली थरथर वाचते, पण गाण्याची थरथर कुठली आणि म्हशीच्या पायाची कुठली हे तिला कळत नाही. आमचा गोठा भिंतीला लागून. म्हशीने पाय बदलला की आलापाच्या मधोमध 'धप्प'!

मी इरेला पेटलो. काळ्या दगडाची जाड लादी आणली, तिच्याखाली स्प्रिंगा, स्प्रिंगांखाली रबर. चार रविवार त्यात घातले. शेवटी म्हैस नाचली असती तरी सुई ढिम्म हलली नसती. केवढा पराक्रम!

तरी खर्जातला एक सूर लागला की कुठून तरी 'झींऽऽ' यायचं. शोधलं तर आईची ताटं. प्रत्येक वस्तूला स्वतःचा सूर असतो, तो मिळाला की ती वाजू लागते, हे मी कारखान्यात नव्या लोकांना शिकवतो. मी ताटांच्या मागे-खाली जुन्या घोंगडीच्या पट्ट्या कोंबल्या. आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाय म्हणाली असती.

श्रावणात चार दिवस झड लागली होती. संध्याकाळी आई गोठ्यात धार काढत होती आणि मी डोळे मिटून ऐकत बसलो होतो. इतका स्वच्छ आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. वरची दरड सुटली, गोठ्याची मागची भिंत आडवी झाली, आणि माझी सुई ढिम्म. म्हैस ओरडली तेव्हा मला कळलं.

धावलो. आई गुडघाभर चिखलात उभी राहून म्हशीचं दावं सोडत होती. देवाची कृपा, दोघी वाचल्या. दरडीआधी दोन मोठे धोंडे वरच्या बांधावर आदळलेले शेजाऱ्यांनी पाहिले होते. एरवी तेवढ्यानेही ताटं वाजलीच असती.

आई घरात आली, चिखलाच्या हाताने तिने एक ताट उचललं आणि मागची घोंगडी बघितली.

"माझा कान ताटांकडंच होता रे," ती म्हणाली. "ती गप हायत, म्हणून मी बसून राहिले."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मला तिच्याकडे बघवेना, इतकी लाज वाटली.

पट्ट्या मी तेव्हाच काढल्या. पण आता तो खर्जाचा सूर लागला की ताटं वाजतात, आई हातातलं टाकून अंगणात धावते आणि डोंगराकडे बघत राहते. म्हणून पावसाळाभर जावईबापूंवर गोणपाट घातलेलं असतं. बाहेर पाऊस कोसळतो आणि मी ताटांसमोर बसून त्यांचं न वाजणं ऐकतो.