सुतळीतले पाच चौकोन

माझा स्वभाव जळका आहे. आईनं हे मला दहाव्या वर्षीच सांगून टाकलं होतं. तेव्हा वाटायचं, वय वाढेल तसं कमी होईल. चाळिशी जवळ आली तेव्हा कळलं की वयाबरोबर तेही वाढलं आहे, फक्त मला ते लपवायला छान जमू लागलं आहे.

साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अलीकडे एक धरण आहे. त्याच्या पायथ्याशी छोटं वीजघर व्हायचं होतं, म्हणून काठावरच्या वनस्पतींची आणि पशुपक्ष्यांची वर्षभर पाहणी करायचं काम निघालं. झाडाझुडपांसाठी मी आणि प्राणी-पक्ष्यांसाठी माझाच एक जुना वर्गमित्र, अशी आमची दोघांची नेमणूक झाली. जळगावच्या कॉलेजात आम्ही एकाच वर्षाचे, तो प्राणिशास्त्राला, मी वनस्पतिशास्त्राला. पाहणीवर देखरेख करणारे सरही तेच, आम्हा दोघांना शिकवलेले. पुढच्या हंगामात तापीवरच्या मोठ्या धरणाचं काम येणार आहे आणि त्यासाठी तुमच्यापैकी एकाला प्रमुख करणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. त्यांना वाटलं असेल, यानं आम्हाला हुरूप येईल. मला हुरूप आला नाही, माझी झोप उडाली.

सरळ सांगते, त्याचं काम मला बघवत नव्हतं. त्याच्या गळ्यात दुर्बीण, तो नुसता काठावर उभा राहिला तरी चार माणसं गोळा व्हायची. फेब्रुवारीत पाणी उतरलं आणि मधलं एक बेट उघडं पडलं, तर त्यावर नदी सुरय पक्ष्यांनी अंडी घातली. काळी टोपी, पिवळी चोच, दिसायला देखणा पक्षी. त्याचा फोटो धुळ्याच्या पेपरात आला, खाली ह्याचं नाव. साक्रीच्या स्टँडवर चहावाल्यानं त्याच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. मी शेजारीच उभी होते, माझे घेतले.

मी त्याच काठावर गुडघे टेकून माका, गोरखमुंडी आणि लव्हाळा मोजत होते. माक्याचा फोटो कुठल्या पेपरात येतो? रोपं वर्तमानपत्रात दाबून वाळवायची असतात म्हणून मी रद्दी जवळ बाळगायची, तेवढाच माझा पेपरशी संबंध. त्यातच एकदा त्याच्या फोटोचं पान माझ्या हाती आलं. त्यात मी लव्हाळा दाबला, आणि जरा जोरातच दाबला.

पण सगळ्यात जास्त मला खुपली ती अक्का.

धरणाचं पाणी ओसरतं तशी गाळाची जमीन उघडी पडते. आसपासचे लोक त्या ओलाव्यावर पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. आमच्या पाहणीच्या पट्ट्यात एका साठीच्या बाईची गाळपेर होती. अर्ध्यात भुईमूग, अर्ध्यात काकडी. तिला सगळे अक्का म्हणायचे. नवरा गेलेला, मुलगी नंदुरबारकडे दिलेली, अक्का एकटीच राबायची. माझा वर्गमित्र धुळ्याकडचा, अहिराणी त्याच्या घरातली. पहिल्याच दिवशी तो तिच्या बांधावर जाऊन बसला आणि दोघांचं असं जमलं की मावशी-भाच्याची भेट झाल्यासारखं. त्याला ती ‘भाऊ’ म्हणायची आणि मला ‘मॅडम’. त्याच्यासाठी कोवळी काकडी हुडकून तोडायची. मला पण द्यायची, पण माझी काकडी नेहमी जराशी जून असते असं मला वाटायचं.

आमच्या रावेरकडची बोली वेगळी. केळीच्या बागा ओलांडून इतक्या लांब पश्चिमेला आल्यावर माझी जीभ अडखळायची, आणि अडखळत बोलायचं मला जमत नाही. मग मी बोलणंच सोडून दिलं. अक्का विचारायची, मॅडम, हे काय करस? मी ‘काम’ एवढंच म्हणायची. तो तिला पाखरांची नावं सांगायचा, अंडी कधी फुटतील ते सांगायचा. माझ्या कामाबद्दल तिला कुणी काही सांगितलं नाही. त्यानं सांगितलं नाही कारण माझं काम मीच सांगावं अशी त्याची रीत होती. मी सांगितलं नाही कारण मी रुसले होते. चाळिशीची बाई रुसते तेव्हा तिला कुणी समजवायला येत नाही.

माझं काम म्हणजे चौकोन. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, चार कोपऱ्यांत चार खुंट्या आणि भोवती सुतळी. असे पाच चौकोन मी अक्काच्या भुईमुगाला लागून, पाण्याच्या बाजूला घातले होते. आत जे उगवेल ते उगवू द्यायचं, बोट लावायचं नाही, दर पंधरा दिवसांनी येऊन काय काय उगवलं ते मोजायचं. पाणी मागे सरकतं तसं कोण आधी येतं, कोण नंतर, कोण टिकतं, ते यातून कळतं. वर्षभराच्या माझ्या अहवालाचा कणा म्हणजे हे पाच चौकोन.

मार्चमध्ये चौथ्या चौकोनात मला एक रोप दिसलं. दोन बोटं उंच, जाडसर पानं, देठावर लव. मला ओळखता येईना. आता मला पाण्याकाठचं रोप ओळखता येत नाही असं सहसा होत नाही, हे मी बढाई म्हणून सांगत नाही, दुसरं काही येत नाही म्हणून सांगते. पुस्तकं चाळली, जुने नमुने आठवले. फूल आल्याशिवाय खात्री होणार नव्हती. शेंड्याला बारीक कळ्या धरल्या होत्या, आठवड्यात फुलतील असं वाटलं.

दुसरं कुणी असतं तर त्यानं तिथं रंगीत चिंधी बांधली असती, सरांना फोटो पाठवला असता. मी कुणालाच सांगितलं नाही. सरांना सांगितलं तर ते त्याला सांगतील, त्याला कळलं तर तो अक्काच्या बांधावर बसून सगळ्या गावाला सांगेल, आणि पेपरात पुन्हा ह्याचंच नाव येईल. माझं एवढंसं रोप मी मुठीत झाकून ठेवलं. फूल आल्यावर आधी सरांकडे जायचं, एकटीनं, आणि टेबलावर ठेवून म्हणायचं, हे बघा. तापीचं काम कुणाला मिळतं ते मग बघू.

त्याच आठवड्यात चुलतबहिणीचं लग्न होतं. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. मी रावेरला घरी गेले, हळद झाली, लग्न लागलं, पंगती उठल्या. माझं सगळं लक्ष कळ्यांकडे. नवरी कोणत्या रंगाच्या शालूत होती ते मला आठवत नाही. चौथ्या दिवशी सकाळची पहिली गाडी धरून धुळे, तिथून साक्री, आणि रिक्षानं धरणावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

पाचही चौकोन स्वच्छ होते.

माका नाही, मुंडी नाही, लव्हाळा नाही. चौथा चौकोन तर असा की गाळ भुसभुशीत करून वर हात फिरवलेला. मुळासकट काढलेलं सगळं दूर उन्हात नेऊन टाकलं होतं आणि त्याचा पाचोळा झाला होता. माझं रोप त्यात असेल तर त्याला आता त्याच्या आईनंसुद्धा ओळखलं नसतं. सुतळी मात्र जशीच्या तशी होती. एक खुंटी सैल होती, तीही कुणीतरी ठोकून पक्की केली होती.

त्या खुंटीनंच माझं डोकं फिरलं. सुतळीचं महत्त्व माहीत असलेल्या माणसाशिवाय असं कोण करील? ढोरं शिरली असती तर सुतळी तुटली असती. हे जाणत्याचं काम, आणि चार दिवस इथं जाणता एकच होता. माझा तिळपापड झाला. तिथंच उभी राहून मी सरांना फोन लावला आणि सांगितलं की त्यानं माझे चौकोन मुद्दाम उपटले, माझा वर्षाचा अहवाल पाडायला. सरांनी विचारलं, त्याला विचारलंस का? मी म्हटलं, विचारायचं काय त्यात.

फोन ठेवून मी वळले तर अक्का भुईमुगातून येत होती. हातात खुरपं, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकर. चेहरा असा की काहीतरी दाखवायला आली आहे. चौकोनांकडे बोट करून तिनं मला विचारलं, कसं झालं? मला कळेना. मग ती माझ्याजवळ गाळात बसली आणि म्हणाली,

“तू लगीनले गयी तव्हय मी पाहं. तुन्हा वाफास्मां कितलं तन व्हतं. एकली बाई, कव्हय निंदशी? म्हणीसन दोन दिन बठीसन बठ्ठं निंदी टाकं.”

निंदणं म्हणजे तण खुरपणं; दोन दिवस बसून ते सगळं तिनंच काढलं होतं. मी मान खाली घालून सुतळीकडे बघत राहिले. तिला वाटलं, मला संकोच वाटतो आहे. तिनं फडकं सोडून माझ्यापुढे भाकर ठेवली, वर ठेचा ठेवला.

“तो भाऊ आभायकडे पाहस. तू मन्हा सारखी गुडघा टेकीसन मातीमां बठस. मन्ही आंडेरनं वावर ऱ्हातं ते मी नही निंदती का?”

आंडेर म्हणजे मुलगी. एवढं मला समजत होतं.

इतके महिने मी त्या बाईच्या मायेवरून जळत होते. ती त्याच्याकडे आहे म्हणून जळत होते. आणि ती बाई दुरून माझे गुडघे बघत होती, तण माजलेलं माझं एवढंसं वावर बघून हळहळत होती. शेतकऱ्यानं वावरात तण ठेवणं म्हणजे लाज. रावेरला माझ्या आईनंही हेच केलं असतं. चौकोन कशाचे ते मी तिला एका वाक्यात सांगितलं असतं तर तिनं तिथं कुत्रं फिरकू दिलं नसतं. मी ते वाक्य रुसून गिळलं होतं. मी भाकर खाल्ली. मोडक्यातोडक्या अहिराणीत तिला म्हटलं, “भलतं चांगलं करं, अक्का.” तिला खरं वाटलं. त्या दिवसापासून तिनं मला मॅडम म्हणणं सोडलं.

तो पाण्याच्या कडेला होता. मला येताना बघून त्यानं दुर्बीण खाली घेतली. सरांचा फोन येऊन गेला होता. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला की काल संध्याकाळी अक्कानं हौसेनं त्याला ते चौकोन दाखवले तेव्हाच त्याला काय झालं ते कळलं. तू आल्याबरोबर सांगणार होतो, म्हणाला, पण तू पहिल्या गाडीनंच आलीस. सरांना काय सांगितलंस, मी विचारलं.

“म्हटलं, माझ्या हातून झालं. धरणाची जमीन सरकारी, आणि गाळपेरीचा परवाना अजून तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या नावावर आहे. सरांनी पाटबंधारे विभागाला पत्र लिहिलं असतं, चौकशी लागली असती, आणि तिचं तेवढं वावर गेलं असतं.”

सरांचं पटलं का, असं विचारल्यावर तो हसला. सर म्हणाले म्हणे, निंदणं हातून कसं होतं, खोटं बोलू नकोस. माझ्या तक्रारीबद्दल तो चिडला नाही. तू रागात होतीस, एवढंच म्हणाला, आणि पुन्हा बेटाकडे बघू लागला. तिथं पिल्लं निघाली होती.

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण दुसऱ्या नंबरानं. पहिल्यांदा वाटला तो हेवा. इतकं सहज त्याला सुचलं कसं? अक्कासाठी दोष अंगावर घ्यायचा, तर तो मी घ्यायला हवा होता. आंडेर मी होते. ती माझ्यासाठी निंदायला आली होती, त्याच्यासाठी नाही. पेपर त्याचा, काकडी त्याची, आता हेही त्यालाच? मला ते बघवलं नाही. मी बांधावर जाऊन सरांना पुन्हा फोन लावला.

मी म्हटलं, सर, त्यानं काही केलं नाही. मी खोटी तक्रार केली, मला त्याचा हेवा वाटतो म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द मोठ्यानं उच्चारला. सर म्हणाले, मग चौकोन कोणी निंदले? हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी म्हटलं, “मीच.” लग्नाच्या गडबडीत नोंदी राहिल्या होत्या, त्या झाकायला उपटून टाकलं आणि त्याच्यावर ढकललं. बोलता बोलता मलाच ते खरं वाटावं इतकं नीट जुळून आलं.

सरांनी उलट एकही प्रश्न विचारला नाही. वाटलंच होतं मला, एवढं म्हणाले आणि फोन ठेवला.

तापीचं काम त्याच्याकडे गेलं. त्या रोपाचं नाव मला अजून कळलेलं नाही. हे दोन्ही मी एक वेळ सोसलं. पण त्याचं खोटं सरांना क्षणभरही पटलं नाही आणि माझं ऐकताक्षणी पटलं, तो हेवा अजून माझ्या पोटात आहे.